न खेळलेल्या खेळाचं उत्पन्न

“अंकल, लड़की जुआ खेलती है क्या?”

जिन्याच्या वरच्या पायरीवर मी सँडलचा पट्टा सोडत होते, तेव्हा हे कानावर आलं. विचारणारे होते आयकराचं रिटर्न भरून देणारे वकीलसाहेब. गोल बाजारात भांड्यांच्या एका दुकानाच्या वर त्यांचं ऑफिस आहे. त्यांनी विचारलं होतं माझ्या बाबांना, आणि ती लड़की म्हणजे मी.

मी पट्टा हातात धरून तशीच थांबले. बाबा काय उत्तर देतात ते मला ऐकायचं होतं. खाली दुकानात कोणी तरी पातेली एकात एक बसवून पाहत होतं, त्याचा खणखणाट वर येत होता. तो थांबला तेव्हा ऐकू आलं ते बाबांचं हसणं. रेल्वेत असताना मोठ्या साहेबाने काही म्हटलं की ते असं हसायचे. बोलले काहीच नाहीत.

“आजकल की लड़कियाँ, साहब! पूछो मत,” असं म्हणाले जीजाजी, माझ्या ताईचे यजमान. मग तिघेही हसले.

मी आत गेले आणि प्लास्टिकच्या खुर्चीच्या कडेवर बसले. समोरच्या स्क्रीनवर बाबांनी आधी पाठवलेला माझ्या आयकराच्या पत्रकाचा फोटो होता, त्यात माझं पूर्ण नाव होतं. माझी जन्मतारीख होती, पॅन नंबर होता. त्याखाली माझ्या उत्पन्नाच्या ओळी. पहिली ओळ पगाराची. दुसरी बँकेच्या व्याजाची, तीनशे बारा रुपये. तिसरी ओळ ऑनलाइन खेळांतून जिंकलेल्या रकमेची: चार लाख दहा हजार. त्यावर कापलेला कर: एक लाख तेवीस हजार.

मी आजवर पैसे लावून पत्त्यांचा एकही डाव खेळलेली नाही. दिवाळीत आमच्याकडे तीन पत्ती चालते, तेव्हासुद्धा मी चहा करायला उठते. बाबांना हे माहीत आहे. जीजाजींना तर सगळ्यांत जास्त माहीत आहे, कारण ते चार लाख दहा हजार त्यांनीच जिंकले होते.

हे कसं झालं ते सांगते, आणि त्यात माझी चूक आहे तीही सांगते.

आमच्या घरात जावयाला नाही म्हणत नाहीत. ते भिलाईहून आले की बाबा पंख्याखालची खुर्ची सोडतात. आई त्यांच्या ताटात वाढते तेव्हा आमच्या ताटातलं थंड होत असतं. जावयाने एखादी वस्तू मागितली तर ती कशाला हवी हे विचारायचं नसतं, विचारणं म्हणजे त्यांच्यावर संशय घेणं. म्हणून दोन-अडीच वर्षांपूर्वी जीजाजींनी फोन करून माझ्या पॅन कार्डाचा फोटो मागितला, तेव्हा बाबांनी स्टीलच्या कपाटातली फाइल काढली, कार्ड टेबलावर ठेवलं आणि फोटो काढून पाठवला. आधार कार्डाचाही पाठवला. रात्री दिवे गेले होते हे सांगावं तशा सुरात मला जेवताना म्हणाले, “तुह्या पॅनचा फोटो पाठवून देला जवाईबापूले.”

“क्यों?” मी विचारलं. आम्ही छत्तीसगढमध्ये राहतो; घरात सगळे मराठी बोलतात आणि मी हिंदीत उत्तर देते. शाळेत इंग्रजी, गल्लीत हिंदी, अशी माझी सवय पडून गेली.

“काही काम असन त्याहीचं.”

मग तीन वेळा जीजाजींचा मला फोन आला. “सालीसाहेब, एक ओटीपी आला असन पाहा. सांगता का जरा?” मी सांगितला. पहिल्या वेळी वाटलं रेल्वेचं तिकीट काढत असतील. दुसऱ्या वेळी काहीच वाटलं नाही. तिसऱ्या वेळी मेसेज बँकेचा होता आणि त्यात स्पष्ट लिहिलं होतं की हा आकडा कोणालाही सांगू नका. इतकी वर्षं इंग्रजी शाळेत शिकलेली मी, ते वाक्य शेवटपर्यंत वाचलं आणि मग आकडा मोठ्याने वाचून दाखवला. मला फोनवर बोलायला आवडत नाही. समोरच्याला हवं ते पटकन देऊन टाकलं की फोन संपतो, एवढंच मला दिसत होतं.

त्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी जीजाजी किलोभर काजू कतली घेऊन आले. क्रिकेटच्या मॅचवर मोबाइलमध्ये आपली टीम लावायची आणि तिच्यावर पैसे लावायचे, तसल्या एका खेळात त्यांचा पहिला नंबर आला होता. बाबांनी ती मिठाई समता कॉलोनीतल्या आमच्या ओळीत घरोघरी दिली. प्रत्येक दारात म्हणाले, “आमच्या जवाईबापूनं जिंकलं. दिमाग पायजे त्याले, नुसतं नशीब नाही.” त्या संध्याकाळी माझं नाव कोणी घेतलं नाही. घ्यायचं कारणही मला माहीत नव्हतं.

पैसे आले ते माझ्या खात्यात. अकरावीत शिष्यवृत्तीसाठी उघडलेलं ते खातं, त्याचं एटीएम कार्ड बाबांच्या फाइलमध्येच पडून होतं, आणि पैसे जमा झाल्याचे मेसेज मी कधी उघडून पाहत नसे. बाबांनी तेही जावयांना दिलं. जीजाजींनी बाबांना नवा मोबाइल घेतला, तो ते अजून वापरतात. आईला साडी आणली, आणि मला ड्रेसचं कापड, मोरपंखी रंगाचं. ते कापड मी शिवून घेतलं आणि तीन वेळा घातलं. उरलेली सगळी रक्कम जीजाजी पुढच्या काही महिन्यांत दुसऱ्या दोन ॲपवर हरले. ते मात्र कोणाच्या दारात जाऊन सांगितलं गेलं नाही.

मला हे सगळं कळलं ते पहिलं रिटर्न भरायला बसले तेव्हा. शंकर नगरातल्या एका कंपनीच्या ऑफिसात मी ग्राहकांच्या इंग्रजी पत्रांना उत्तरं लिहिते. काम मला जमतं, कारण त्यात बोलावं लागत नाही. तिथल्या हिशेबाच्या मॅडमनी आम्हा नव्या मुलींना सांगितलं होतं की कर बसत नसला तरी रिटर्न भरा, पुढे कामी येतं. मला त्याचं अप्रूप वाटलं होतं. माझी स्वतःची, मी स्वतः भरलेली पहिली सरकारी गोष्ट. दुपारच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून मी आयकराच्या साइटवर गेले. वर्षभरात आपल्याला कुठून काय मिळालं याचं एक पत्रक सरकार तयार ठेवतं, ते उघडलं. पगार, व्याज आणि ती तिसरी ओळ.

वाटलं की दुसऱ्या कोणाचं पत्रक उघडलं गेलं. वर जाऊन नाव वाचलं. माझंच होतं. मी लॅपटॉप बंद केला आणि डबा खाल्ला, कारण समोरची मुलगी पाहत होती.

पुढचे चार दिवस मी फक्त वाचत होते. मला असंच जमतं, माणसांना विचारण्यापेक्षा. आधी माझा राग कायद्यावर आला. माझ्या पगारातून कायदा आधी काही रक्कम सोडून देतो, मग टप्प्याटप्प्याने कर लावतो, आणि माझ्याएवढ्या पगारावर शेवटी काहीच घेत नाही. खेळात जिंकलेल्या पैशाला यातलं काही नाही. पहिल्या रुपयापासून सरळ तीस टक्के, वर त्या कराचा चार टक्के उपकर. तुम्ही गरीब आहात की श्रीमंत, याची विचारपूस नाही. त्या खेळात वर्षभरात घातलेलं वजा करून जे उरतं ती जीत. पण दुसऱ्या ॲपवर जे हरलात ते त्यातून वजा होत नाही. साधा एका पानाचा फॉर्मसुद्धा चालत नाही, मोठा फॉर्म घ्यायचा आणि त्यातल्या वेगळ्या रकान्यात ही जीत लिहायची. कंपनीने तीस टक्के आधीच कापून घेतले होते, पण उपकर कापला नव्हता. म्हणजे चार हजार नऊशे वीस रुपये अजून भरायचे होते. मी भरायचे होते. माझ्या पगारातून.

ते गणित मी तीनदा केलं. तिसऱ्यांदा केलं तेव्हा राग कायद्यावरून उतरला होता. कायद्याने निदान या पैशाला कष्टाच्या पैशापासून वेगळं बसवलं होतं. माझ्या घरच्यांनी तेही केलं नव्हतं. जीजाजी जिंकले तेव्हा ती त्यांची हुशारी होती. हरले तेव्हा ते कोणाचंच नव्हतं. आणि आता कर आला तेव्हा ते माझं उत्पन्न होतं.

मी बाबांना स्क्रीन दाखवली. बाबांनी चष्मा लावून पाहिलं आणि लगेच जीजाजींना फोन लावला, स्पीकरवर. मला वाटलं आता जीजाजी ओशाळतील. ते खूश झाले.

“अरे वा, मंग रिफंडचं काम करून टाकू न! म्हणून त सालीसाहेबच्या नावानं खेळलो. तवा तिची कमाई शून्य होती. कापलेला टॅक्स पूरा वापस येते. एक लाख तेवीस हजार, मामाजी!”

सासऱ्यांना ते मामाजी म्हणतात. मामाजींनी माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या, जणू माझीच लॉटरी लागली होती.

“वापस नहीं आता,” मी म्हणाले. “इसमें वैसा नहीं होता.” फोनपर्यंत ते पोचलं नाही. मी जरा जोरात बोलले असते तर पोचलं असतं.

म्हणून आम्ही त्या शनिवारी गोल बाजारात वकीलसाहेबांसमोर बसलो होतो.

वकीलसाहेबांनी माऊसचं चाक फिरवत जीजाजींना समजावलं. “गेमिंग में दिखाओगे तो एक पैसा नहीं मिलेगा. उल्टा भरना पड़ेगा.”

“पण हिची कमाई त कमी हाय,” जीजाजी म्हणाले आणि मग हिंदीत तेच पुन्हा बोलले.

“उसका इसमें कोई मतलब नहीं. सीधा तीस टका.” मग त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा पाहिलं. “बेटा पढ़ी-लिखी है ना? इंग्लिश मीडियम? तो ट्यूशन दिखा देते हैं. बच्चों को पढ़ाती है, फीस मिली. सैलरी मिलाके भी सात लाख के नीचे. टैक्स ज़ीरो, पूरा रिफंड. मेरा दस परसेंट.”

“हव, हव,” बाबा म्हणाले. “इंग्लिश तो बहुत बढ़िया है इसकी.”

चार मुलांसमोर उभं राहून बोलायचं म्हटलं तरी माझ्या हातांना घाम सुटतो. त्या मला त्यांनी अर्ध्या मिनिटात चार लाखांच्या शिकवण्या देऊन टाकल्या. आधी जुगारी, मग शिक्षिका. जी मी नव्हे अशी कोणीही त्यांना चालत होती.

“पकड़ में नहीं आएगा?” जीजाजींनी विचारलं.

“आया तो नोटिस आएगा. जवाब दे देंगे.”

नोटीस कोणाच्या नावाने येईल, हे त्या खोलीत कोणी विचारलं नाही. मीही नाही.

माझ्या हातातला फोन थरथरला. वकीलसाहेबांनी आयकराच्या साइटवर माझ्या नावाने लॉग-इन करायला घेतलं होतं.

“ओटीपी आया होगा, बेटा. बोलो.”

सहा आकडे स्क्रीनवर स्वच्छ दिसत होते. जीजाजी हसून पुढे झुकले. “बोला बोला, सालीसाहेब. तुम्हाले त प्रॅक्टिस हाय.”

“नेटवर्क नहीं आ रहा,” मी म्हणाले.

“दाखवा बरं मले,” म्हणत त्यांनी हात पुढे केला. मी फोन पर्समध्ये टाकला, चेन लावली आणि उठले. “ऑफिस जाना है.” शनिवारी आम्हाला सुट्टी असते, आणि हे बाबांना माहीत होतं. या वेळी त्यांचं गप्प बसणं माझ्या कामी आलं, पण मी त्याबद्दल त्यांचे आभार मानणार नाही.

परत येताना स्कूटरवर मी त्यांच्या मागे बसले होते. शारदा चौकाच्या अलीकडे गर्दीत थांबलो तेव्हा मी विचारलं, “आपने बोला क्यों नहीं कि मैं नहीं खेलती?”

“कवा?”

“जब उन्होंने पूछा. लड़की जुआ खेलती है क्या.”

बाबांनी थोडा वेळ हॉर्नच वाजवला. “हासलो न मी,” म्हणाले. “जवाईबापू बाजूले बसून होते. त्याहीच्यासमोर काय सांगू, का हे खेळतात म्हणून? लोकं विसरून जातात बाई. तू काहून एवढं धरून बसते?”

पण ते मी धरून बसले आहे. आजही. जावयाची लाज राखायला त्यांना मुलीची द्यावी लागली, आणि देताना त्यांना काही दिल्यासारखं वाटलंही नाही.

तितक्यात तीजा आला. छत्तीसगढमध्ये तीजाचा उपास करायला लग्न झालेल्या मुली माहेरी येतात, आणि इथे इतकी वर्षं राहून आमच्या मराठी घरांतही ते रुळलं आहे. बाबा भिलाईला जाऊन ताईला घेऊन आले. उपास सुटल्यावर दुपारी ती माझ्या खोलीत येऊन पडली. मला वाटलं ती काही विचारेल. तिने छताकडे पाहत म्हटलं, “करून टाक न वं. तुह्यं काय जाते?”

“मेरा नाम जाता है, ताई.”

“नाव!” ती कुशीवर वळली. “माह्या नावावर बी खेळाचं खातं हाय. तुह्या आधीपासून. मी सही करून देतो. विचारत नाही का कायची हाय.”

“क्यों नहीं पूछती?”

“विचारलं का दोन दिवस घरात बोलत नाहीत. मंग पोट्ट्याशी बी बोलत नाहीत.” तिचा मुलगा पाच वर्षांचा आहे. “यायच्या आधी मले सांगून धाडलं हाय, सालीसाहेबले मनवून ये. नाही त मी न्यायले येत नाही, ऱ्हाय तिकडंच.” आणि ती हसली. बाबांचं हसणं तिच्याकडे गेलं आहे, हे मला त्या दिवशी दिसलं.

मला तिचा राग आला, आणि तिच्या जागी मी असते तर काय केलं असतं हेही मला ठाऊक होतं. मी ओटीपी देत राहिले असते. तिला लग्न आहे म्हणून ती देते. मला तर कसलंच कारण नव्हतं, तरी तीनदा दिला होता.

संध्याकाळी आई खोलीत आली. या सगळ्यात ती एक शब्द बोलली नव्हती. तिने पदराखालून माझं पॅन कार्ड काढून टेबलावर ठेवलं. सोबत आधार आणि पासबुक.

“बाबाच्या फाइलमंदी होतं. एटीएम जवाईबापूपाशीच हाय,” ती म्हणाली. “हे तुह्यापाशी ठेव.”

“बाबा को बताया?”

“त्याहीले कशाले सांगाचं? तुह्यं हाय.” दारापर्यंत जाऊन ती थांबली. “पण जवाईबापूसंग भांडू नोको. ताईले जायचं हाय तिथंच.”

दोन्ही गोष्टी तिने एकाच सुरात सांगितल्या. त्या दोन्ही एकदम कशा करायच्या हे तिने सांगितलं नाही, तिलाही माहीत नसावं.

त्या रात्री मी काही केलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मी ते पत्रक पुन्हा उघडलं. तिसऱ्या ओळीच्या शेजारी एक छोटं बटण होतं. आधीही दिसलं होतं, पण मी कधी दाबलं नव्हतं. दाबल्यावर साइटने मला एक प्रश्न विचारला. ही माहिती बरोबर आहे का? आणि खाली उत्तरांची यादी. बरोबर आहे. पूर्ण बरोबर नाही. दुसऱ्या कोणाच्या पॅनशी संबंधित आहे.

एवढ्या दिवसांत हा प्रश्न मला पहिल्यांदाच कोणी विचारला होता, आणि विचारणारं माणूसही नव्हतं. बाबांनी विचारला नव्हता, वकीलसाहेबांनी नाही, ताईने नाही. मी तिसरं उत्तर निवडलं. खाली दहा अक्षरांचा एक रिकामा चौकोन उघडला. ज्याचं आहे त्याचा पॅन लिहायचा होता.

तो मला माहीत नव्हता. माझा सगळ्यांना पाठ होता.

रविवारी जीजाजी ताईला न्यायला आले. मुलाला मोटरसायकलवर पुढे बसवून आणलं होतं, हातात केळी. आईने पुरी, आलूची भाजी, भजी, खीर असं सगळं केलं. बाबांनी पंख्याखालची खुर्ची सोडली. ताई ताटं लावत होती आणि तिची बॅग भरून दाराशी ठेवलेली होती.

जेवताना जीजाजी मजेत होते. “ते ॲपच बंद झालं आता, मामाजी. सरकारनं पैशावाले सगळे खेळ बंद करून टाकले. दुकानच नाही त कोण पाहाले येते, ट्यूशन होती का मॅच होती? शेवटची तारीख जवळ आली, वकीलसाहेब रोज फोन करून राहिले मले.” मग माझ्याकडे वळून, “काय सालीसाहेब, नेटवर्क आलं का तुमचं? का टॉवर लावून देऊ आंगणात?”

बाबा हसले. ताई हसली. मुलगा सगळे हसतात म्हणून हसला.

“आज करूनच टाकू,” बाबा माझ्याकडे न पाहता म्हणाले. “जवाईबापू आलेच हायेत त.”

“मी काही जबरदस्ती नाही करत,” जीजाजींनी खिरीची वाटी पुढे केली, आईने ती भरली. “नाही म्हणा, मी आत्ता उठतो. ताई ऱ्हाईन तुमची इथंच, आरामात. काय हो?” हे ताईला. डोळा मारून म्हटलं त्यांनी, थट्टाच होती. पण ताईच्या हातातला पुऱ्यांचा डबा तिथल्या तिथे थांबला, आणि तिने बॅगेकडे पाहिलं. ते तिचं पाहणं मी बघितलं नसतं तर कदाचित त्या दिवशीही मी खोलीत निघून गेले असते. भांडू नकोस, असं आई म्हणाली होती. मी भांडणार नव्हते. मला भांडता येतही नाही.

मी आत जाऊन लॅपटॉप आणला.

“हे पाहा! याले म्हणतात समजदार,” जीजाजी म्हणाले. त्यांनी हात धुतले, रुमालाला पुसले आणि खुर्ची माझ्या बाजूला ओढली. बाबांनी सुटकेचा श्वास सोडला, मला ऐकू आला. आई भजी तळायची थांबवून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

मी माझ्या फोनवर आलेला ओटीपी माझ्याच हाताने टाकला. पत्रक उघडलं. तिसऱ्या ओळीशेजारचं बटण दाबलं, तिसरं उत्तर निवडलं. रिकामा चौकोन उघडला. जीजाजी वाचायचा प्रयत्न करत होते, पण त्यांचं इंग्रजी हळू चालतं.

“हे कायचं हाय?” त्यांनी विचारलं. “आता काय टाकाचं इथं? बोला, काय पायजे?”

माझ्या हातांना घाम आला होता. मी तो ओढणीला पुसला. ती ओढणी मोरपंखी ड्रेसची होती, सकाळी घालताना माझ्या लक्षात आलं नव्हतं. बोटं कळांवर ठेवली आणि त्यांच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत मी त्यांच्याशी मराठीत बोलले नव्हते, आणि इतकं मोठ्याने तर कोणाशीच नाही.

“जीजाजी, तुमचा पॅन नंबर सांगा.”